बोटभर सिलिकॉन

चाळीस वर्षं मी जालन्यात ट्रकची इंजिनं उघडली. या चाळीस वर्षांचा उल्लेख मी दिवसातून एकदा तरी करतो. जेवताना करतो, लिफ्टमध्ये करतो, समोरच्याला मराठी येत नसलं तरी करतो. माझी बायको सरला म्हणते, "तुमचं वय दरवर्षी वाढतं, पण चाळीस वर्षं काही चाळीसच्या पुढे जात नाहीत." मी तिला सांगतो, की मी निवृत्त झालो म्हणून आकडा थांबला. ती म्हणते, "आकडा थांबला, तोंड नाही थांबलं."

आमचा मुलगा धम्मानंद सिंगापूरला इंजिनियर आहे. त्याचा कारखाना तुआसला, म्हणजे बेटाच्या एका टोकाला, आणि घर पुंगोलला, म्हणजे दुसऱ्या टोकाला. वर्षातले काही महिने आम्ही दोघं त्याच्याकडे जाऊन राहतो. घरात सून एकता आणि दहा वर्षांची नात अवनी. धम्मानंदकडे एक जुनी गाडी आहे. ती नसली तर त्याला आधी एलआरटी ही छोटी रेल्वे, मग एमआरटी ही मेट्रो, मग बस, असं जाऊन येऊन चार तास घालवावे लागतात. म्हणून त्या गाडीला घरात मान आहे. गेल्या वर्षी तिच्या खालून तेल ठिबकत होतं, तेव्हा मीच तिचा सम्प उघडून, साफ करून परत बसवला होता. सम्प म्हणजे इंजिनाच्या बुडाला असलेली तेलाची परात. ठिबकणं बंद झालं. त्याचं कौतुक घरात वर्षभर चाललं, मुख्यतः माझ्याकडून.

यंदा एका रविवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टला समुद्रावर गेलो होतो. परत येताना सिग्नलला गाडी थांबली आणि काचेखाली लाल दिवा लागला. तेलाच्या किटलीचं चित्र, चोचीतून एक थेंब. गाडी हलली की दिवा विझायचा, थांबली की पुन्हा लागायचा.

"बाबा, हा दिवा बघा," धम्मानंद म्हणाला.

"गाडी बाजूला घे आणि बंद कर. लगेच."

इथपर्यंत मी बरोबर होतो. ही गोष्ट इथेच थांबली असती तर मला आवडलं असतं.

गाडी एका हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईच्या, पार्किंगमध्ये लावली. सगळ्यांना भूक लागली होती, पण मी बॉनेट उघडून भाषण सुरू केलं. ऐकायला फक्त अवनी थांबली, कारण तिला माझ्याजवळ ठेवून बाकीचे नूडल्स आणायला गेले होते.

"आपल्या जालन्याच्या घरी खाली पाण्याची टाकी आहे, आठवतं? आणि वर गच्चीवर दुसरी टाकी?"

"Yes. मोटर on करतात आजोबा."

"बरोबर. इंजिनात पण तसंच. खाली सम्प, ती खालची टाकी. ऑइल पंप म्हणजे मोटर. इंजिन फिरलं की पंप फिरतो, खालचं तेल ओढतो आणि वर सगळ्या बेअरिंगांना पाठवतो. तेल नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं. पाच मिनिटांत इंजिन भंगार. पंपाच्या तोंडाला एक जाळी असते, विहिरीतल्या मोटरीच्या पाइपाला असते तशी. कचरा आत जाऊ नये म्हणून. दाब कमी झाला की हा दिवा लागतो."

"So pump spoil already lah."

"कदाचित. आधी तेल किती आहे ते बघायचं. मग दाब मोजायचा. मग जाळी बघायची. पंपावर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा."

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. साक्षीदार म्हणून नात होती. त्यानंतर मी डिपस्टिक बाहेर काढली. तेल पुरेपूर होतं. ते बोटावर घेऊन चोळलं. पाण्यासारखं पातळ. त्याबरोबर दाब, जाळी, सगळं विसरलो. धम्मानंद ट्रे घेऊन आला तेव्हा माझा निकाल तयार होता.

"पंप गेला. आणि का गेला ते पण सांगतो. हे असलं पातळ तेल कुणी टाकलं?"

"आह सेंगने. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिस केली ना."

आह सेंग हा त्याचा नेहमीचा मेकॅनिक. साठी ओलांडलेला चिनी माणूस, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं वर्कशॉप. गाड्या रँपवरून गोल गोल फिरत वर जातात. मी त्याला एकदाच पाहिलं होतं. तो फार बोलत नाही, आणि जो मेकॅनिक बोलत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

"बाबा, या इंजिनाला पातळच तेल लागतं. मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय."

"मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी कधी ट्रक उघडलाय?"

"मॅन्युअल कारचं आहे, बाबा."

सरला नूडल्स खाता खाता म्हणाली, "त्यांना काय फरक पडतो. त्यांनी सायकल दुरुस्त केली तरी ट्रकच करतात."

एकताने टो ट्रक बोलावला आणि गाडी आह सेंगच्या वर्कशॉपला पाठवली. दुसऱ्या दिवशी धम्मानंदने सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं तिथे गेलो.

माझं सगळं भाषण वाटेतच तयार झालं होतं. धम्मानंदने त्यातला सौम्य भाग इंग्रजीत सांगितला, की माझे वडील म्हणतात पंप गेला. आह सेंगने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि दाबाचं मीटर घेऊन आला. दिव्याचा सेन्सर काढून तिथे मीटर जोडलं. इंजिन थोडा वेळ चालवलं. काटा आधी बरा होता, मग तापत गेलं तसा खाली उतरला. इंजिन बंद करून त्याने बोट खाली दाखवलं.

"पंप मेबी गुड. फर्स्ट सी स्ट्रेनर."

म्हणजे आधी जाळी बघू. जे मी काल नातीला शिकवलं होतं, तेच.

"बघ म्हणावं," मी धम्मानंदला म्हणालो. "जाळीत काही सापडायचं नाही. सम्प मी स्वतः साफ केलाय."

गाडी लिफ्टवर चढली. तेल बादलीत उतरलं. आह सेंग सम्पच्या कडेने पातळ पट्टी फिरवत राहिला. तो सुटेना. अर्धा तास गेला. मी मनात म्हणालो, बघ, काम असं असतं, निघता निघत नाही. शेवटी सम्प निघाला आणि आह सेंगने टॉर्च वर धरला.

पंपाच्या तोंडाची जाळी दिसत नव्हती. तिच्यावर राखाडी रंगाच्या अळ्या चिकटल्या होत्या. लांब, जाड, रबरासारख्या. त्यांच्यामधून चहाच्या गाळणीच्या चार भोकांएवढी जागा उरली होती आणि तेवढ्यातून तो पंप बिचारा तेल ओढत होता. सम्पच्या आतल्या कडेलाही तसंच राखाडी काही लोंबत होतं.

ते सिलिकॉन होतं. सम्प बसवताना तेल झिरपू नये म्हणून कडेला लावतात ते. जास्त लावलं की बोल्ट आवळताना अर्धं आतल्या बाजूला दबून येतं, गरम तेलात सुटतं आणि जाळीला जाऊन बसतं.

राखाडी. आह सेंगच्या टेबलावर ट्यूब होती ती काळी.

मला आठवायची गरज नव्हती, पण सगळं आठवलं. गेल्या वर्षी धम्मानंदच्या मित्राने, संजीवने, त्याच्या कंपनीच्या लॉरी शेडमध्ये आम्हाला रविवारी जागा दिली होती. ते दोघं बाहेर सावलीत चहा पीत होते. मी गाडीखाली एकटा. जालन्याहून आणलेली राखाडी ट्यूब हातात. आमचे उस्ताद सांगायचे, सिलिकॉन लावताना हात सढळ ठेव, ट्रक खड्ड्यांतून जातो. त्यांचे ट्रक खड्ड्यांतून जायचे आणि ट्रकच्या जाळीला भोकं मोठी असायची. पुंगोलच्या रस्त्यावर मी अजून एक खड्डा पाहिलेला नाही. पण हाताला ते कोण सांगणार? हात सढळ राहिला. मी सम्पच्या कडेने बोटभर जाड सिलिकॉन लावलं, वरून अजून एकदा फिरवलं, आणि बाहेर आलेलं पुसून घेतलं. बाहेरचं मी पुसलं. आतलं पुसायला आत कोण जाणार होतं?

धम्मानंद त्या अळ्यांकडे बघत होता. तो हुशार आहे, त्याला लगेच कळलं की सिलिकॉन कुणीतरी जास्त लावलंय. कुणी, हे मात्र त्याला कळलं नाही, कारण त्याचा बापावर विश्वास होता.

"यू ओपन्ड द सम्प," तो आह सेंगला म्हणाला. "गाडी अख्खा दिवस तुमच्याकडे होती."

आह सेंगने नाही म्हणून मान हलवली. तेल बदललं, फिल्टर बदललं, खालचा बोल्ट तेवढा काढला. सम्पला हात लावला नाही. मग त्याने विचारलं, सम्प आधी कुणी उघडला होता?

"माय फादर. पण ते चाळीस वर्षं मेकॅनिक आहेत. ही इज व्हेरी क्लीन." धम्मानंद माझ्याकडे वळला. "बाबा, सांगा यांना."

आह सेंगही माझ्याकडे वळला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

मी म्हणालो, "घरी जाऊन बघू."

गाडी तिथेच ठेवून आम्ही एमआरटीने परत आलो. धम्मानंद गप्प होता, पण रागाने. त्याच्या शेजारी मीही गप्प होतो. लोक आम्हाला सारख्याच स्वभावाचे बापलेक समजले असतील.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला. इथे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी माणसं असतात, त्यांच्याकडे आह सेंगची तक्रार जाणार होती. फोटो जोडून झाले. मग त्याने एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला.

"बाबा, तुम्ही जाणकार म्हणून काय पाहिलं ते मराठीत लिहा. मी भाषांतर करून जोडतो."

लिहायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. सरलाने शिकवलं, तीही रागावून रागावून. तेव्हापासून कुणी मला काही लिहायला सांगितलं की माझी मान ताठ होते. त्या दिवशी मात्र पेन हातात घेतलं आणि मान खाली गेली. तरी मी लिहिलं:

"पंपाची जाळी सिलिकॉनने भरलेली होती. त्यामुळे पंपाला तेल मिळत नव्हतं. त्यामुळे दाब कमी झाला."

तिन्ही वाक्यं खरी होती. मी ती दोनदा वाचून पाहिली. खोटं कुठेच नव्हतं, म्हणून मला अजून वाईट वाटलं. सिलिकॉन कुणी लावलं, ते मी लिहिलंच नव्हतं. तक्रार वाचणारा माणूस ते आपोआप आह सेंगच्या नावावर टाकणार होता. साठी ओलांडलेल्या माणसाचं नाव. तिसऱ्या मजल्यावर त्याने ते एकेक गिऱ्हाईक धरून उभं केलं असणार, जसं मी जालन्याच्या नाक्यावर उभं केलं होतं. माझं नाव मोडायला कुणी असा कागद लिहिला असता, तर मी त्याच्या घरी गेलो असतो.

"झालं?" धम्मानंदने विचारलं.

"अजून एक ओळ राहिली असेल."

तेवढ्यात अवनी आली. तिच्या हातात माझी राखाडी ट्यूब. शाळेसाठी काहीतरी चिकटवायचं होतं आणि आजोबांच्या पिशवीत सगळं सापडतं हे तिला माहीत आहे.

"आजोबा, this one glue ah?"

"नाही. ठेव ते जागेवर."

तिने ठेवलं नाही. ती मागचं वाचायला लागली. तिला छापलेलं काही दिसलं की वाचावंच लागतं. "Apply three millimetre bead only. Do not over-apply. आजोबा, three millimetre is so thin." तिने दोन बोटं जवळजवळ चिकटवून मला दाखवली.

तसली ट्यूब मी दहा वर्षं वापरली. तिच्या मागे काही लिहिलंय हे मला माहीत होतं. नाव, गाव, भाव असेल, असं मी समजत होतो.

सरला स्वयंपाकघरातून आली. तिने ट्यूबकडे पाहिलं, फोटोतल्या राखाडी अळ्यांकडे पाहिलं. ती ना इंजिनियर ना मेकॅनिक. पण पन्नास वर्षं तिने माझी तोंडं पाहिली आहेत.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "ती राहिलेली ओळ लिहा."

मी लिहिलं: "हे सिलिकॉन मी लावलं होतं." खाली सही केली, दादाराव, आणि कागद धम्मानंदकडे सरकवला.

तो वाचत राहिला. चार ओळींना किती वेळ लागतो? मलासुद्धा एवढा लागत नाही.

"तुम्हाला तिथेच कळलं होतं?"

"हो."

"मग मी त्याला बोलत होतो तेव्हा..."

"हो."

त्याने लॅपटॉप मिटला. आवाज झाला नाही. झाला असता तर बरं वाटलं असतं.

"किती लावलं होतं?"

"बोटभर."

"बोटभर म्हणजे?"

मी अंगठा दाखवला. त्याने तो अंगठा बराच वेळ पाहिला आणि कपाळावर हात ठेवला.

"बाबा, मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो, माझे वडील आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगतात."

"ते तूच सांगतोस. मी कुठे सांगतो?"

सरला म्हणाली, "आता तरी खोटं बोलू नका."

मग धम्मानंद म्हणाला, "उद्या आपण जाऊ. मी त्याची माफी मागीन. पण हे तुम्ही सांगायचं. मी भाषांतर करणार नाही."

रात्री मी पलंगावर पडून इंग्रजी वाक्य जुळवत होतो. आय पुट. मी पुट सिलिकॉन. टू मच. सरला म्हणाली, "झोपा. दोन शब्दांचं काम आहे, त्यालाही तुम्ही बोटभर लावताय."

दुसऱ्या दिवशी आम्ही रँप चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो. आह सेंगने जाळी काढून धुऊन ठेवली होती. एका दुधाच्या रिकाम्या डब्यात राखाडी अळ्या जमवल्या होत्या. मी खिशातून ट्यूब काढली आणि त्या डब्याशेजारी टेबलावर ठेवली. रंग एकच होता.

"मी," मी म्हणालो. "माय हँड. टू मच. सॉरी."

आह सेंगने ट्यूब उचलली नाही, नुसती पाहिली. "आय नो, अंकल. ग्रे. सिंगापूर नोबडी यूज."

म्हणजे त्याला कालच माहीत होतं. मी धम्मानंदकडे पाहिलं. त्याने ठरवल्याप्रमाणे भाषांतर केलं नाही, पण प्रश्न मात्र त्यानेच विचारला, काल का नाही सांगितलं?

आह सेंग फडक्याने हात पुसत म्हणाला, "युअर फादर स्टँडिंग देअर. यू वेरी प्राउड. हाऊ टू से?"

हे मला भाषांतराशिवाय कळलं. धम्मानंदने त्याच्यासमोर मान झुकवली आणि काल बोललो त्याबद्दल माफी मागितली. आह सेंग म्हणाला, ओके, ओके, आणि पंपाकडे वळला, कारण माफी त्याला अवघड जात होती. मेकॅनिकना जाते.

पंप त्याने उघडून मला दाखवला. आतले दाते साफ, कुठे ओरखडा नाही. बेअरिंगही वाचली होती. मी ज्याच्यावर आळ घेतला होता तो पंप वर्षभर उपाशी पोटी काम करत होता आणि गाडी ओढत होता. मी पंपाचीही माफी मागितली असती, पण धम्मानंद बाजूला उभा होता.

जाळी बसली. सम्पची कड घासून कोरडी झाली. मग आह सेंगने काळी ट्यूब माझ्या हातात दिली.

"अंकल, यू डू."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता, तो बाजूला उभा राहिला होता, हातात फडकं घेऊन. मी ट्यूबचं तोंड बारीक कापलं. अवनीने दाखवलेली दोन बोटं डोळ्यांसमोर आणली. श्वास रोखून सम्पच्या कडेने शेवईसारखी बारीक रेघ ओढत गेलो. कोपऱ्यावर हात थोडा थांबला. चाळीस वर्षांची सवय म्हणाली, इथे जरा जास्त घाल. मी नाही घातलं. निदान मला तसं वाटलं.

रेघ पूर्ण झाली. मी ट्यूब खाली ठेवली आणि कौतुकासाठी मागे सरलो. आह सेंग वाकला, त्याने त्या रेघेकडे एक डोळा मिटून पाहिलं, आणि दोन कोपऱ्यांवरचं सिलिकॉन बोटाने पुसून फडक्याला लावलं.

धम्मानंदने माझ्याकडे पाहिलं. मी ट्यूबचं टोपण शोधून लावलं.

सम्प बसवला, पण सिलिकॉन सुकायला वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघं खालच्या दुकानात कॉफी प्यायलो. मग नवं पातळ तेल भरलं, इंजिन सुरू झालं. लाल दिवा लागला, दोन सेकंद थांबला आणि विझला. गाडी तापेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. तो पुन्हा लागला नाही.

घरी जाताना पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली आणि आम्ही दोघांनी एकदम त्या जागेकडे पाहिलं. तिथे अंधार होता. धम्मानंद म्हणाला, "बाबा, मागच्या चाकातून थोडा आवाज येतोय. ब्रेक असेल का?"

मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "आह सेंगला दाखव."